रिसीव्हरमध्ये गंजून बसलेला टो बार: साखळी लावण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पिकअपच्या मागे दोन इंची रिसीव्हर, म्हणजे चासीला बसवलेली चौकोनी नळी, आणि तिच्यात ट्रॉली अडकवायचा गोळा बसवलेला बार. उरणच्या बाजूला बोटीची ट्रॉली पाण्यात उतरवताना हा भाग वरचेवर खाऱ्या पाण्यात भिजला आणि तीन पावसाळे बार बाहेर काढलाच गेला नाही. आता ट्रॉली वेगळ्या उंचीची आहे, म्हणून दुसरा बार लावायचा आहे. आडवी पिन कशीबशी निघाली, पण बार हलत नाही. मित्राच्या गाडीला साखळी बांधून ओढून पाहिलं, तर तिची चाकं जागीच फिरली. गॅरेजवाला म्हणतो, गॅस कटर लावू आणि मोकळं होऊ.

गॅस कटर नको. कापणं हा शेवटचा उपाय आहे, आज त्याची गरज नाही. साखळी मात्र पुन्हा लावू नका.

तुम्हाला वाटतंय की जोर कमी पडतोय. पण अडचण जोराची नाही, बार आणि नळी यांच्या मधल्या फटीची आहे. नळीचं आतलं माप साधारण ५१ मिमी आणि बार ५० मिमी, म्हणजे प्रत्येक बाजूला अर्धा मिलीमीटर मोकळी जागा. लोखंड गंजलं की त्या गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. त्यामुळे दोन्ही पृष्ठभाग जरासेच खाल्ले गेले तरी फट भरते, आणि नंतरचा प्रत्येक नवा थर बारला चारही बाजूंनी आवळत जातो. त्यात खाडीचं मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, म्हणून ठाणे, ऐरोली, उरण पट्ट्यात हे काम डिसेंबरातही थांबत नाही.

आता साखळीचा हिशोब. बार आत १५० मिमी गेलेला धरा. चार बाजू गुणिले ५० गुणिले १५०, म्हणजे ३०,००० चौरस मिलीमीटरचा पृष्ठभाग. प्रत्येक चौरस मिलीमीटरने फक्त १ न्यूटन धरून ठेवलं तरी एकूण ३ टन होतात. दोन टनांची गाडी चारही चाकांनी कोरड्या काँक्रीटवर खेचली तरी दीड टनाच्या आसपास थांबते, मग चाकं घसरतात. तुमच्याकडे नेमकं तेच झालं. यावर लोक उपाय म्हणून झटका देतात. झटक्याने खेच वाढते हे खरं, पण बार सुटला किंवा हूक तुटला की साखळीत साठलेली सगळी ताकद मागच्या काचेतून आत येते. शिवाय रिसीव्हरचे चासीवरचे बोल्ट आणि ब्रॅकेट तिरक्या झटक्यासाठी केलेले नसतात.

म्हणून माझी पद्धत उलट आहे. आधी गंजाचा थर फोडायचा, मग थोडासा ताण द्यायचा, आणि ताण असतानाच धक्के द्यायचे. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवा: वाचवायचा आहे रिसीव्हर, बार गेला तरी चालेल. हे ठरलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात, कारण कुठे ठोकायचं, कुठे तापवायचं आणि कुठे कापायचं हे त्यावरच ठरतं.

तीन गोष्टी गाडी पाहिल्याशिवाय सांगता येत नाहीत, त्या तुम्हीच तपासा.

पहिली: बार भरीव आहे की पोकळ? टोकावर हातोडीने टकटक करा. पोकळ असेल तर घुमल्यासारखा आवाज येतो, भरीव असेल तर ठस्स. दुसरी: नळीचं पुढचं, म्हणजे गाडीच्या पोटाकडचं तोंड उघडं आहे का? स्टेपनी खाली उतरवा आणि टॉर्च मारून बघा. उघडं असेल तर अर्धी लढाई जिंकलीत, कारण तिकडून तेलही घालता येतं आणि धक्काही देता येतो. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बार खडखडतो म्हणून कुणी तो पक्का जखडलेला असू शकतो. कधी यू-क्लॅम्प असतो, कधी नळीच्या खालून घुसवलेला एखादा बोल्ट, तर कधी फॅब्रिकेटरने तोंडाशी मारलेला टॅक वेल्ड, म्हणजे वेल्डिंगचा छोटा टाका. गंजाखाली टॅक दिसत नाही. तारेच्या ब्रशने कडा स्वच्छ करून चारही बाजूंनी बोट फिरवा. टॅक असेल तर जगातलं कुठलंही तेल कामाला येणार नाही, तो ग्राइंडरने घासूनच काढावा लागेल.

रिसीव्हर स्थानिक फॅब्रिकेटरकडून केलेला असेल तर आणखी एक शक्यता आहे. साध्या ईआरडब्ल्यू, म्हणजे पत्रा वळवून कडा वेल्ड केलेल्या, चौकोनी पाइपच्या आत लांबीभर वेल्डची उंच रेघ असते. ती घासून काढली नसेल तर बार पहिल्या दिवसापासूनच त्या बाजूला घट्ट बसलेला असतो. हे आताच लक्षात ठेवा, पुढे कापायची वेळ आली तर कुठल्या बाजूने कापायचं ते ठरवायला उपयोगी पडेल.

तयारी. सपाट जागा, हँडब्रेक, चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे. ट्रॉलीच्या दिव्यांचं सॉकेट, त्याची वायर आणि पार्किंग सेन्सर बाजूला करा. स्टेपनी काढलेलीच असेल. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये हे काम करू नका. ठोकण्याचा आवाज तर आहेच, पण पुढे आग वापरावी लागली तर वर माणसं राहतात.

पहिल्या दिवशी तेल नाही, पाणी. फटीत मीठ, रेती आणि खाडीचा चिखल भरलेला असतो, आणि त्या चिखलातून तेल आत जात नाही. गोड्या पाण्याचा प्रेशर जेट पिनच्या भोकांतून, तोंडातून आणि पुढून मारा. बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत थांबू नका. मग कॉम्प्रेसरच्या हवेने वाळवा आणि गाडी दोन-तीन तास उन्हात ठेवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर म्हणतात की तेलाने काही होत नाही.

आता तेल. डब्ल्यूडी-४० घरोघरी असतं, पण ते मुळात १९५३ साली ओलावा हटवण्यासाठी बनवलं गेलं. नाइलाज असेल तर चालेल, पण गंज सोडवण्यासाठी खास पेनिट्रेटिंग ऑइल मिळालं तर ते घ्या. घरगुती मिश्रण हवं असेल तर ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड आणि अॅसिटोन निम्मे-निम्मे घ्या. दोन्ही नीट मिसळून राहत नाहीत, म्हणून दरवेळी बाटली हलवायची. अॅसिटोन बंपरचं प्लॅस्टिक आणि रंग खातं, तेव्हा खाली कापड धरा. ते लगेच पेट घेतं हेही विसरू नका.

तेल कुठून घालायचं हे कुठलं तेल घालायचं यापेक्षा महत्त्वाचं आहे. पिनची दोन भोकं ही सर्वांत चांगली वाट, कारण ती बारच्या मध्यावर आहेत. पुढचं तोंड उघडं असेल तर तिकडून स्प्रेची बारीक नळी घालून फवारा आणि गाडीचं नाक थोडं उंच ठेवा, म्हणजे तेल मागे वाहील. मागच्या तोंडातून घालत असाल तर उलट, मागची बाजू उंच हवी. सकाळ-संध्याकाळ, तीन-चार दिवस. प्रत्येक वेळी तेल घातल्यावर ठोका, कारण नुसतं तेल मुरत बसत नाही, धक्क्याने बारीक भेगा पडतात आणि त्यांतून ते आत जातं.

ठोकण्याची रीत अशी. दीड ते दोन किलोचा हातोडा घ्या आणि नळीच्या विरुद्ध बाजूला दुसरा जड हातोडा टेका म्हणून धरा. नळीच्या सपाट बाजूच्या मधोमध मारू नका. तिथे पत्रा आत दबतो आणि बार आणखी आवळला जातो. कोपऱ्यांजवळ मारा, तिथे नळी ताठ असते आणि कंपन सरळ आत जातं. चारही कोपरे, पुढून मागे, मागून पुढे.

त्यानंतर बारला बाहेर ओढण्याऐवजी आत ठोका. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण एक-दोन मिलीमीटर आत सरकला तरी गंजाचा थर तुटला, आणि एकदा तुटलेला थर दोन्ही दिशांना सरकू देतो. ठोकण्याआधी बारचा बाहेर दिसणारा भाग फ्लॅप डिस्कने चकचकीत करा, नाहीतर तिथला फुगलेला गंज तोंडात पाचर बनून बसेल. घणाच्या मोठ्या घावांपेक्षा लहान आणि जलद धक्के बरे. काँक्रीट फोडायचा इलेक्ट्रिक ब्रेकर भाड्याने मिळतो. त्याला बोथट छिन्नी लावून बारच्या टोकावर मिनिट-दोन मिनिटं दाबून धरा. माझ्या मते या कामासाठी याहून चांगलं हत्यार नाही. पुढचं तोंड उघडं असेल तर तिकडून ४० मिमीचा गोल दांडा घालून त्यावरही ठोकता येतं, फक्त तिथे हात फिरवायला जागा कमी असते.

मधूनमधून बारमध्ये एक मीटरचा पाइप अडकवून बार डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा. केसाएवढी हालचाल दिसली तरी तुम्ही जिंकलात. उरलेलं काम धीराचं आहे. पाइप तीन मीटरचा करू नका, त्याने रिसीव्हरच्या वेल्डला पीळ बसतो.

इथपर्यंत ज्यांचं काम होत नाही त्यांनी पुलर, म्हणजे नट आवळून बार ओढणारी चौकट, करावा. कुठलाही वेल्डर तासाभरात बनवून देतो, आणि लागणारे प्लेटचे तुकडे कळंबोलीच्या लोखंड बाजारात किंवा टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यातल्या फॅब्रिकेटरकडे भंगारातही मिळतात. आधी गोळा काढावा लागेल. त्याचा नट निघत नसेल तर ग्राइंडरने नट चिरा, त्यात वेळ घालवू नका. गोळ्याच्या भोकातून भोकाच्या मापाचा बोल्ट घाला आणि बारच्या वर-खाली ५० × १२ मिमीच्या दोन पट्ट्या त्या बोल्टवर बसवा. पट्ट्यांची बाहेरची टोकं एका जाड ठोकळ्याला वेल्ड करा आणि ठोकळ्यातून एम २० चा, म्हणजे २० मिमी व्यासाचा, ८.८ ग्रेडचा स्टड (आटे पाडलेला दांडा) काढा, मागून नट. रिसीव्हरच्या तोंडावर घोड्याच्या नालेसारखी १२ मिमी जाड प्लेट टेकवा, तिच्यावर बारच्या डाव्या-उजव्या बाजूला चौकोनी पाइपचे दोन पाय उभे करा, आणि त्या पायांच्या टोकांवर १०० मिमी रुंद, २५ मिमी जाड आडवी पट्टी. पट्टीच्या मध्यातल्या भोकातून स्टड बाहेर येतो आणि त्याचा नट आवळला की बार ओढला जातो.

स्टडच्या ग्रेडकडे लक्ष द्या. दुकानात मिळणारा साधा फुल थ्रेड रॉड बहुधा ४.६ ग्रेडचा असतो. एम २० मध्ये तो साडेपाच टनांपर्यंतच भरवशाचा, तर ८.८ चा सुमारे १५ टनांपर्यंत. पण तुम्हाला १५ टन लागणार नाहीत आणि ती आडवी पट्टीही तेवढं सोसणार नाही. थ्रेडला ग्रीस लावा आणि अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण ४० किलोचा जोर द्या. तो झाला २०० न्यूटन-मीटर, आणि त्यातून स्टडमध्ये अंदाजे ५ टनांची खेच तयार होते. तिथे थांबा. तो ताण तसाच ठेवून नळीच्या कोपऱ्यांवर हातोडा मारा. नट सैल झाला की पुन्हा आवळा, पुन्हा मारा. बहुतेक बार याच टप्प्यावर निघतात, आणि निघताना काही उडत नाही. बार दोन मिलीमीटर सरकला की ताण संपतो. साखळी आणि पुलर यांत हाच फरक आहे. तरीही ताण असताना पुलरच्या सरळ मागे उभं राहू नका.

एक अडचण सांगून ठेवतो. तुमचा बार खाली उतरता असेल, म्हणजे गोळ्याची पट्टी नळीच्या रेषेत नसेल, तर गोळ्याच्या भोकातून ओढल्यावर बार तिरका होऊन आणखी अडकेल. अशा वेळी उतरता भाग कापून टाका आणि पट्ट्या सरळ राहिलेल्या तुकड्याला वेल्ड करा. बार तसाही भंगारात जायचा आहे. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि अर्थचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ, त्या बारलाच लावा.

आता आग. पुलर असताना तिची गरज क्वचित लागते, पण लागली तर नियम एकच: तापवायची नळी, बार नाही. पन्नास मिलीमीटरची नळी बारपेक्षा २०० अंशांनी जास्त तापली तर ती जेमतेम ०.१२ मिमी फुगते. ऐकायला कमी वाटतं, पण गंजाची पकड सोडवायला तेवढं पुरतं. बारही तापला तर तोसुद्धा फुगतो आणि सगळं वाया जातं. म्हणून मोठी ज्योत, थोडा वेळ, आणि बारच्या बाहेरच्या टोकावर ओलं फडकं. नळी लाल होईपर्यंत नेऊ नका, तेवढं लागत नाही आणि रंग व वेल्ड दोन्ही बिघडतात.

आगीपुरती सुरक्षितता मात्र सविस्तर सांगावी लागेल. गाडी सीएनजी असेल तर आग पूर्ण वर्ज्य. डिझेलची टाकी, ब्रेकच्या नळ्या, बंपरचं प्लॅस्टिक आणि वायरिंग यांच्यावर ओलं गोणपाट टाका, शेजारी फायर एक्स्टिंग्विशर आणि दुसरा माणूस हवा. तेल घातलेल्या दिवशी ज्योत लावू नका, आधी पुसून आणि हवा मारून वाळवा. ब्रेक क्लीनर मारून तर मुळीच नाही. काही क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतं आणि ज्योतीत त्याचा विषारी वायू होतो. रिसीव्हर गॅल्व्हनाइज्ड असेल तर जस्ताच्या धुराने ताप भरतो, तेव्हा उघड्या हवेत आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहा. नळी कोमट झाल्यावर फटीला मेणबत्ती टेकवली तर वितळलेलं मेण आत ओढलं जातं. बोल्टवर ही युक्ती छान चालते, दीडशे मिलीमीटर लांब बारवर तिचा भरवसा धरू नका.

एवढं करूनही नाहीच निघाला, तर कापायचं. गॅस कटरने नव्हे, कारण त्याची ज्योत बार आणि नळी यांत फरक करत नाही. बार पोकळ असेल तर तोंडापासून २५ मिमी बाहेर ठेवून ग्राइंडरने कापा. मग रेसिप्रोकेटिंग करवतीचं लांब पातं बारच्या पोकळीत घालून त्याच्या वरच्या भिंतीला दोन कोपऱ्यांजवळ लांबीभर दोन चिरा द्या. पातं नसेल तर हॅकसॉचं पातं एका टोकाला कापड गुंडाळून हातानेही चालतं, फक्त हात दुखतात. आतल्या वेल्डच्या रेघेची बाजू माहीत असेल तर चिरा त्याच बाजूला द्या. चीर नळीपर्यंत पोचली की आवाज बदलतो, तिथे थांबा. मधली पट्टी छिन्नीने आत वाकवली की चौकोन सैल होतो. भरीव बार असेल तर हे जमत नाही. तेव्हा अख्खा रिसीव्हर चासीवरून उतरवून वर्कशॉपमध्ये हायड्रॉलिक प्रेसखाली धरणं हा योग्य मार्ग, आणि तिथेही नाही निघाला तर रिसीव्हर नवा घ्या. कापलेल्या रिसीव्हरला ठिगळ लावून त्यावर बोट ओढू नका.

बार निघाल्यावर नवा घालायची घाई करू नका. नळीची भिंत तोंडाशी व्हर्नियरने मोजा. मूळ जाडी सहसा ६ मिमीच्या थोडी वर असते. खड्डे धरून ५ मिमीच्या खाली गेली असेल तर मी तो रिसीव्हर वापरणार नाही. पिनची भोकं लांबट झालीत का, तोंडाच्या कॉलरच्या वेल्डला केसासारखी भेग आहे का, तेही पाहा.

नळी आतून फ्लॅप व्हीलने घासा, झिंक रिच प्रायमरचा पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. बारला अँटी-सीझ किंवा मरीन ग्रीसचा अगदी पातळ थर पुरे. जाड ग्रीसला रेती चिकटते. पाण्यात ट्रॉली उतरवून आलात की त्याच दिवशी बार काढून दोन्ही भाग गोड्या पाण्याने धुवा. रबरी टोपी नळी वाळल्यावरच लावा, ओल्या नळीवर लावलेली टोपी पाणी आतच कोंडते. जून ते सप्टेंबर गाडीला ट्रॉली लागत नसेल तर बार घरात ठेवा.

नवा गोळा घेताना ट्रॉलीच्या कपलरवरचं, म्हणजे गोळ्यावर बसणाऱ्या वाटीवरचं, माप वाचा. ५० मिमी आणि २ इंच, म्हणजे ५०.८ मिमी, हे दिसायला सारखे असले तरी एक नाहीत. दोन इंची कपलरमध्ये ५० मिमीचा गोळा ढिला बसतो, आणि बोट चढावर असताना तो उसळून बाहेर येऊ शकतो.